सातूच्या शेतातले हिशेबाबाहेरचे गंधक

27 जुलै 2023 रोजी राजस्थानातील सीकर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘युरिया गोल्ड’ हे खत देशापुढे आले. युरियाच्या दाण्यावर गंधकाचा थर, 37 टक्के नत्र, 17 टक्के गंधक, 40 किलोची गोणी आणि किंमत 266 रुपये 50 पैसे. नीमलेपित युरियाची 45 किलोची गोणीही याच किमतीला मिळते. सीकरच्या परिसरात हिवाळ्यात गहू आणि मोहरी यांच्या जोडीने सातूही पिकतो. गोणीवर छापलेल्या या आकड्यांची कसोटी घ्यायची असेल तर हे काहीसे दुर्लक्षित पीक फार सोयीचे आहे.

हिशेब साधा आहे. ओलिताच्या सातूला हेक्टरी साधारण 60 किलो नत्र देतात. युरिया गोल्डच्या चार गोण्यांतून 59 किलो नत्र मिळते आणि त्यासोबत 27 किलो गंधक शेतात पडते. हेक्टरी तीन टन धान्य देणारे सातूचे पीक दाणे व काड मिळून किती गंधक उचलते? तृणधान्यांसाठी टनामागे तीन ते चार किलो हा सर्वमान्य अंदाज धरला, तर नऊ ते बारा किलो. म्हणजे गोणी पिकाच्या उचलीच्या दुपटीहून अधिक गंधक देते. त्याच वेळी त्याच पैशांत मिळणारे नत्र 20.7 किलोवरून 14.8 किलोवर येते. हा व्यवहार शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे की नाही, हे पूर्णपणे एका प्रश्नावर अवलंबून आहे: त्या जमिनीत गंधक आधीच किती आहे? आणि नेमका हाच आकडा बहुतेक शेतांच्या बाबतीत कोणाच्याही वहीत नसतो.

पुढे जाण्यापूर्वी नावाविषयी थोडे. मराठीत बार्लीला सातू किंवा जव म्हणतात. जवस हे त्याहून सर्वस्वी वेगळे, तेलबियांचे पीक. महाराष्ट्रातील घरांत ‘सातूचे पीठ’ म्हणून जे खाल्ले जाते त्यात बहुधा भाजलेले गहू आणि डाळे असते, खुद्द सातू क्वचितच. नाव उरले आणि धान्य निघून गेले, असा हा प्रकार. देशपातळीवरही फारसे निराळे घडलेले नाही. 1950च्या दशकाच्या आरंभी भारतात तीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र सातूखाली होते. आता ते सहा लाखांच्या आसपास आहे आणि त्यातील मोठा वाटा राजस्थान व उत्तर प्रदेशाचा. ओलीत वाढले तसा गहू पुढे सरकला, आणि सातूच्या वाट्याला रेताड, खारवट, कमी पाण्याची जमीन आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवमध्यांचा एक अंगुल सांगितला आहे. ज्या दाण्याने एकेकाळी लांबी मोजली, त्याच्या शेतातील एक मूलद्रव्य आज मोजले जात नाही, हा योगायोग भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला खटकण्याजोगा आहे.

गंधक वनस्पतीच्या मुळांत सल्फेटच्या रूपाने शिरते. या सल्फेटमधील गंधकाचा अणू पूर्णतः ऑक्सिडीकृत, +6 अवस्थेत असतो. प्रथिनात बसण्यासाठी तो −2 अवस्थेत यावा लागतो. म्हणजे प्रत्येक अणूमागे आठ इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. पानातील हरितलवके हे काम सूर्यप्रकाशाच्या जोरावर करतात: आधी दोन इलेक्ट्रॉन देऊन सल्फाइट, मग आणखी सहा देऊन सल्फाइड, आणि शेवटी सिस्टीन हे अमिनो आम्ल. त्यापासून पुढे मिथिओनिन. प्राण्यांना सल्फेटपासून हे करता येत नाही. माणसाच्या शरीरातील मिथिओनिन कोणत्या ना कोणत्या वनस्पतीने किंवा सूक्ष्मजीवाने सल्फेटला इलेक्ट्रॉन देऊन तयार केलेले असते, आणि म्हणून शेतातील सल्फेटचा प्रश्न अखेर ताटापर्यंत येतो.

गंधक कमी पडले की सातू पिवळा पडतो. नत्र कमी पडल्यावरही पिवळा पडतो, आणि इथेच घोटाळा होतो. नत्र जुन्या पानांतून निघून नव्या पानांकडे सहज जाते, म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची पाने आधी पिवळी होतात. गंधक तितक्या सहजतेने हलत नाही. त्याच्या उणिवेत शेंड्याकडची कोवळी पाने आधी फिकी पडतात. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दुरून दोन्ही शेते सारखीच दिसतात. पिवळेपणा पाहून युरियाचा आणखी एक हात फिरवला जातो, आणि गंधकाची खरी गरज असलेल्या रोपात नत्राचा भार मात्र वाढतो.

उत्पन्नावर परिणाम होतो तो पायरीपायरीने. सातूची ओंबी तयार होण्याआधी फुटवे ठरतात, मग ओंबीतील दाण्यांची संख्या, आणि सर्वांत शेवटी दाण्याचे वजन. फुटव्यांच्या काळात गंधक अपुरे असेल तर ओंब्यांची संख्याच कमी भरते, आणि ती तूट पुढे कितीही गंधक दिले तरी पूर्ण भरून निघत नाही. हेक्टरी 20, 40, 60 किलो अशा चढत्या मात्रा देऊन भारतात पुष्कळ चाचण्या झालेल्या आहेत. हलक्या, सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या जमिनीत आरंभीच्या मात्रेला पीक चांगला प्रतिसाद देते. मग वक्र आडवा होतो. जिथे मृदेत विद्राव्य सल्फेट पुरेसे आहे तिथे वक्र पहिल्यापासूनच आडवा असतो. मातीच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम उपलब्ध गंधक ही भारतातील मृदा-परीक्षणाची नेहमीची सीमारेषा आहे. ‘गंधकाने सातूचे उत्पन्न वाढते’ हे विधान त्यामुळे ‘औषधाने ताप उतरतो’ या विधानाइतकेच अर्धे आहे. ताप होता का, हे आधी विचारायला हवे.

मग पूर्वीच्या शेतकऱ्याला गंधकाची चिंता का नव्हती? कारण ते न मागता येत होते. सिंद्री येथील सरकारी कारखान्यात 1951 मध्ये उत्पादन सुरू झाले, ते अमोनियम सल्फेटचे. जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट यांच्या अभिक्रियेतून हे खत तयार होई. त्यात 21 टक्के नत्र आणि 24 टक्के गंधक. लक्ष नत्रावर होते. गंधक हे नत्राला वाहून नेणारे निमित्त. आजच्या सातूला लागणारे 60 किलो नत्र त्या खतातून दिले तर नकळत 68 किलो गंधक पडले असते. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरले जाई. त्यातही 11 टक्के गंधक. याखेरीज शेणखत होतेच.

नंतर अधिक नत्राचा युरिया आला, 46 टक्क्यांचा, आणि स्फुरदासाठी डीएपी. वाहतुकीच्या दृष्टीने दोन्ही निःसंशय सरस, कारण गोणीत अनावश्यक वजन उरत नाही. त्या ‘अनावश्यक’ वजनात गंधक होते. दोन्ही खतांत ते शून्य. कोणी गंधक बंद करण्याचा निर्णय घेतला नव्हता. नत्राचा आणि स्फुरदाचा भाव किलोवर ठरू लागला आणि हिशेबाबाहेरची वस्तू हिशेबाबाहेरच राहून नाहीशी झाली. 2010 मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान योजना आली तेव्हा गंधकाला प्रथमच नत्र, स्फुरद, पालाश यांच्या पंक्तीत स्थान मिळाले. युरिया मात्र त्या योजनेच्या बाहेर ठेवला गेला.

न मागता येणारा आणखी एक स्रोत होता, आणि आहे: धूर. पिकातले गंधक धुरातून आले की मातीतून, हे ओळखता येते का? इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे याचे सुंदर उत्तर मिळाले आहे. तिथे 1843 पासून एकाच शेतात गहू आणि 1852 पासून दुसऱ्या शेतात सातू सलग घेतला जातो, आणि दरवर्षीचे नमुने जपून ठेवलेले आहेत. गंधक-34 आणि गंधक-32 या समस्थानिकांचे गुणोत्तर कोळशाच्या धुरात वेगळे, मातीत वेगळे. जुन्या गव्हाच्या नमुन्यांत हे गुणोत्तर मोजल्यावर दिसले की प्रदूषण शिगेला पोहोचले होते त्या काळात पिकाने घेतलेल्या गंधकापैकी निम्म्याहून अधिक मानवी उद्योगांतून हवेत गेलेले होते. ब्रिटनने धूर आवरला, आणि त्यानंतर तिथल्या शेतांत गंधकाची उणीव दिसू लागली.

ही हकिगत भारतात एका धोकादायक रीतीने सांगता येते, आणि 2025 नंतर ती अधिक ऐकू येण्याची शक्यता आहे. डिसेंबर 2015 मध्ये औष्णिक वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा ठरल्या, मुदती पुनःपुन्हा वाढल्या, आणि जुलै 2025 मधील केंद्रीय अधिसूचनेने सुमारे 78 टक्के संचांना धूर-गंधक-निष्कासन यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून सूट दिली. दरम्यान 2017 मध्ये उपग्रहीय मापनांवर आधारित एका अभ्यासाने भारत या वायूच्या उत्सर्जनात चीनला मागे टाकत असल्याचे दाखवले होते. मग असा युक्तिवाद सुचतो: धूर तर शेतीला फुकट खतच देतो आहे.

यातील संख्या तपासून पाहू. वर्षाला एक कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत जातो असे हिशेबापुरते धरले, तर त्यातील निम्मे वजन गंधकाचे, पन्नास लाख टन. देशाच्या सुमारे 33 कोटी हेक्टरांवर ते सारखे पसरले तर हेक्टरी 15 किलो. सातूची गरज भागवून वर उरेल इतके! सरासरीचे असेच असते. प्रत्यक्षात हा वायू मुख्यतः कोळसापट्ट्यात, सिंगरौली किंवा कोरबासारख्या ठिकाणी एकवटून बाहेर पडतो. शेखावाटी तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्याचा काही भाग वाऱ्याबरोबर समुद्रावर जातो. जमिनीवर येणारा भाग प्रामुख्याने पावसाबरोबर उतरतो, आणि उत्तर भारतातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. सातूची पेरणी त्यानंतर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात. सल्फेट ऋणभारित असते, मातीचे कणही बहुतांशी ऋणभारित. रेताड जमीन त्याला धरून ठेवत नाही. पावसाने आणलेले गंधक पुष्कळदा पाऊसच मुळांच्या आवाक्याखाली नेऊन सोडतो.

आणि हे ‘खत’ वाटेत फुकट राहत नाही. हवेतच सल्फर डायऑक्साइडचे सल्फेट-कण बनतात, अडीच मायक्रॉनहून लहान, आणि ते शेतापेक्षा आधी फुप्फुसांत पोहोचतात. गंधक शेतात पोहोचवण्याची याहून वाईट रीत शोधूनही सापडणार नाही.

त्याच धुराड्यावर चुनखडीचा ओला शिडकावा केला तर तोच वायू जिप्सम होऊन हाती येतो. एक टन सल्फर डायऑक्साइड अडवला की सुमारे 2.7 टन जिप्सम. त्यात अर्धा टन गंधक, तेही झाडाला थेट घेता येणाऱ्या सल्फेटच्या रूपात. हेक्टरी 20 किलोच्या हिशेबाने पंचवीस हेक्टर. या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइडही सुटतो, टनामागे सुमारे 0.7 टन, आणि यंत्रणेच्या विरोधकांचा हा मुद्दा खोटा नाही. वीजकेंद्राच्या एकूण उत्सर्जनापुढे तो किरकोळ आहे इतकेच. अशा जिप्सममध्ये पारा, सेलेनियम किती उतरले आहे हे तपासल्याखेरीज ते शेतात टाकणे मात्र अविचाराचे ठरेल. सूट देणाऱ्या निर्णयावरची चर्चा विजेच्या दरापुरती राहिली तर या बाजूचा जमाखर्च कधीच मांडला जाणार नाही.

आता दाण्याच्या आत डोकावायला हवे. गंधकाविषयीचा विचार उत्पन्नाच्या क्विंटलवर थांबतो तेव्हा त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निसटते.

सातूच्या दाण्यातील साठवणीच्या प्रथिनांना होर्डीन म्हणतात. त्यांतील बी-होर्डीन गंधकयुक्त, सी-होर्डीनमध्ये गंधक जवळजवळ नाहीच. 1983 मध्ये रोथमस्टेडच्या संशोधकांनी दाखवले की गंधकाची उपासमार झालेल्या सातूच्या दाण्यात बी-होर्डीन घटते आणि सी-होर्डीनचा वाटा वाढतो. रोप नत्र तर साठवणारच. गंधक नसेल तर ज्या साच्याला गंधक लागत नाही तो साचा वापरते. बाहेरून दाणा तसाच दिसतो. प्रथिनांची टक्केवारी साधारणतः नत्र मोजून काढली जाते, त्यामुळे कागदावरही तो वाईट दिसत नाही. बदललेली असते ती गुणवत्ता: जनावराच्या आणि माणसाच्या आहारातील सिस्टीन व मिथिओनिन.

उपासमार तीव्र असेल तर सी-होर्डीनही अपुरे पडते आणि उरलेले नत्र ॲस्परॅजिन या मुक्त अमिनो आम्लाच्या रूपात दाण्यात साठते. एका रेणूत दोन नत्र-अणू असल्याने साठवणीला ते सोयीचे. 2002 पर्यंत ही केवळ वनस्पतिशास्त्रातील माहिती होती. त्या वर्षी स्वीडनमध्ये भाजलेल्या व तळलेल्या पदार्थांत ॲक्रिलामाइड सापडल्याचे जाहीर झाले, आणि लवकरच कारण कळले: मुक्त ॲस्परॅजिन आणि शर्करा एकत्र तापवल्या की हा संभाव्य कर्करोगकारक रेणू तयार होतो. गंधकाविना वाढलेल्या गव्हाच्या पिठात तापवल्यावर त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, हेही पुढे दाखवले गेले.

भारतात सातू कसा खाल्ला जातो? उत्तर प्रदेश व बिहारमध्ये भाजून, दळून, सत्तू म्हणून. लडाखमध्ये भाजून, पीठ करून, चहात कालवून. भाजणे ही या धान्याच्या स्वयंपाकातील मूळ क्रियाच आहे. त्यामुळे गंधकाच्या प्रत्येक चाचणीत फुटवे, ओंबीतील दाणे आणि हजार दाण्यांचे वजन यांच्या शेजारी मुक्त ॲस्परॅजिनचा एक रकाना असणे अगत्याचे आहे. यासाठी लागणारी उपकरणे देशातल्या चांगल्या कृषी-प्रयोगशाळांना दुर्मीळ नाहीत. घबराटीचे येथे कारण नाही. जिथे जमिनीत गंधक पुरेसे आहे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. पण जिथे नाही तिथे क्विंटलमधील वाढ नगण्य असूनही गंधक देणे योग्य ठरू शकते, आणि उत्पन्नाचा वक्र ते कधीच सांगणार नाही.

माल्टसाठी पिकवलेल्या सातूची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. माल्ट करणाऱ्याला प्रथिने कमीच हवी असतात, म्हणून तिथे नत्र हात राखून दिले जाते. गंधक पुरेसे असेल तर दाण्याची प्रथिने संतुलित राहतात. मात्र ते वाढवत नेले की एस-मिथाइलमिथिओनिन हे द्रव्यही माल्टमध्ये वाढते. तापवल्यावर त्यातून डायमिथाइल सल्फाइड सुटतो, ज्याचा वास शिजलेल्या मक्यासारखा असतो. बिअर बनवणारे त्याला दोष मानतात. म्हणजे गंधकाला वरूनही मर्यादा आहे, आणि ती ठरवणारा बाजार शेतकऱ्यापासून फार दूर बसलेला असतो.

युरिया गोल्डकडे परत येताना एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्याच्या थरातील गंधक मूलद्रव्याच्या रूपात असते, सल्फेट नव्हे. मातीतील जीवाणूंनी त्याचे ऑक्सिडीकरण केल्यावरच ते मुळाला मिळते. हे काम उबदार, ओलसर मातीत वेगाने होते आणि थंडीत मंदावते. शेखावाटीतील डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडाक्याच्या थंड असतात. पहिल्या पाण्यासोबत, फुटव्यांच्या वेळी फेकलेल्या या गंधकाचा बराचसा भाग त्याच सातूला न मिळता पुढच्या खरीप पिकाच्या वाट्याला जाण्याची शक्यता आहे. नत्र हळू सुटावे हा थराचा हेतू त्याने साध्य होऊ शकतो. गंधकाची तातडीची उणीव भागवणे हे वेगळे काम आहे.

त्यासाठी जुनाच उपाय अधिक सरळ वाटतो. सातूला हेक्टरी 30 किलो स्फुरद पेरणीबरोबर द्यायचेच असते. ते डीएपीतून दिले तर गंधक शून्य. सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले तर 20 किलो, सल्फेटच्या रूपात, पेरणीच्या दिवशीच. गोण्या अधिक वाहाव्या लागतात हे खरे. याशिवाय भारतातील जवळजवळ सारे खनिज जिप्सम राजस्थानातच, बिकानेर-नागौरच्या बाजूला निघते. हरियाणा व उत्तर प्रदेशातील ज्या चोपण जमिनी जिप्सम टाकून सुधारल्या गेल्या, तिथल्या पिकांना सोडियम हटवण्याच्या निमित्ताने गंधकही मिळून गेले आहे. अशा शेतात वेगळ्या मात्रेचा विचार करण्याआधी मातीचा अहवाल पाहणे बरे.

आणि पाण्याचाही. राजस्थानातील पुष्कळ विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात सल्फेट असते. समजा लिटरमागे 30 मिलिग्रॅम; पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा 200 मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे पाणी गोडच म्हणायचे. त्यात गंधक 10 मिलिग्रॅम. सातूला सहा-सहा सेंटिमीटरची चार पाणी दिली तर हेक्टरी 24 लाख लिटर, आणि त्यातून 24 किलो गंधक. युरिया गोल्डच्या चार गोण्यांतील गंधकाच्या जवळपास इतकेच. शेजारच्या कोरडवाहू तुकड्याला यातले काहीच मिळत नाही, आणि खताची शिफारस मात्र दोन्ही शेतांना पुष्कळदा एकच असते.

म्हणून पेरणीपूर्वी मातीची पिशवी प्रयोगशाळेत नेताना नमुना केवळ वरच्या पंधरा सेंटिमीटरांचा नसावा. सल्फेट खाली सरकलेले असते आणि सातूची मुळे पुढे तिथवर पोहोचतात, तेव्हा पंधरा ते तीस आणि तीस ते साठ सेंटिमीटरांचे नमुनेही वेगळ्या पिशव्यांत घ्यावेत. सोबत कूपनलिकेच्या पाण्याची एक बाटली, स्वच्छ धुतलेली, तारीख लिहिलेली.